भांडी मोडीत काढण्याआधी वही वाचा

मा. संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या गल्लीच्या मंडळाची बैठक झाली. गणपतीचा हिशेब मांडायला ही बैठक दरवर्षी पितृपक्षात मारुतीच्या देवळात बसते. मी बेळगावच्या शहापुरात 1984 साली सून म्हणून आले. इतक्या वर्षांत या बैठकीत मी एकदाही बोलले नव्हते. आम्ही बायका मागे खांबाजवळ बसतो आणि चहा आला की तो वाटायला उठतो. यंदा मात्र एक ठराव वाचला गेला आणि मला उभं राहावं लागलं. तेव्हा घसा दाटून आल्यामुळे चार वाक्यांपुढे जाता आलं नाही. जे राहिलं ते लिहून पाठवते. पत्र लांबलं आहे, तरी जागा द्यावी.

ठराव असा होता: मंडळाच्या खोलीत पडून असलेली जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत काढावीत आणि आलेल्या पैशातून मंडळाच्या मालकीचा साऊंड घ्यावा. मुलांनी माहिती नीट गोळा केली होती. वजन दीडशे किलोच्या वर भरेल. भावही विचारून आले होते. दरवर्षी साऊंडच्या भाड्यावर जे पैसे जातात ते वाचतील. एक जण मला म्हणाला, "काकू, आता कोण नेतंय ही भांडी? केटरिंगवाला सगळं घेऊनच येतोय की." त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, आणि तो सांगत होता ते खोटंही नव्हतं. गेल्या दोन वर्षांत भांडी फक्त अकरा वेळा बाहेर गेली. ही संख्या माझ्याइतकी पक्की कुणालाच माहीत नाही, कारण भांड्यांची वही माझ्याकडे आहे.

ती खोली आमच्या घराला लागून आहे. किल्ली आधी माझ्या सासऱ्यांकडे असायची. मामंजी गेल्यावर ती आमच्याच खुंटीवर राहिली. मिस्टर विणायला मागावर असायचे. दुपारी कुणी भांडी न्यायला आलं की मीच दार उघडायची, मोजून द्यायची आणि लिहून ठेवायची. मंडळाच्या पावतीपुस्तकावर अध्यक्षापासून खजिनदारापर्यंत अकरा नावं छापलेली असतात. त्यांत माझं नाव नाही, आणि ते असावं असं मला कधी वाटलंही नव्हतं. रविवारी मात्र वाटलं.

वही लांबट आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. आता चालू आहे ती तिसरी. रकाने मामंजींनी आखले ते आजही तसेच आहेत: तारीख, नाव, कारण, नेलेली भांडी, परत, सही. भाडं घ्यायचं नाही हा नियम पहिल्यापासूनचा. कल्हईसाठी ज्याला जमेल त्याने डब्यात पैसे टाकावेत. भांडी घासून, मोजून परत आणावीत. एखादं हरवलं तर तसंच नवीन आणून द्यावं, ते जमत नसेल तर पंचांना येऊन सांगावं. त्यापुढे कुणी काही विचारत नसे.

यातला 'कारण' हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. बारसं, मुंज, साखरपुडा, लग्न, तेरावं, सत्यनारायण. एका ठिकाणी लिहिलंय, 'मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाला, गल्लीजेवण.' एका ठिकाणी, 'चौथी मुलगी झाली, तरी बारसं थाटात.' हे मामंजींचं अक्षर आहे. असं लिहिताना त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण त्या घरात आधीच्या तीन मुलींच्या वेळी काय बोललं गेलं ते सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. एका नोंदीत कारण आहे 'निकाह'. त्या वेळी पंचांमध्ये कुजबुज झाली होती, देवाच्या महाप्रसादाची भांडी मांसाला कशी द्यायची म्हणून. मामंजींनी दोन मोठी पातेली बाजूला काढली, कासाराकडून त्यांच्या काठावर खूण करून घेतली आणि ती सामिष जेवणासाठी ठेवली. पुढे आमच्या मराठ्यांच्या घरचं मटणही त्याच पातेल्यांत शिजू लागलं. तो वाद पुन्हा कधी निघाला नाही.

भांड्यांवर नावं कोरलेली आहेत. कुणी वडिलांच्या स्मरणार्थ परात दिली, कुणी नवस फेडायला घागर. एक मोठा हंडा संस्थानी काळातला आहे. आजच्या मुलांना सांगितलं तर नवल वाटतं, पण आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झालं आणि आम्ही मुंबई राज्यात आलो. 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात गेलो. 1973 मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. मामंजींनी हे सगळं एका आयुष्यात, एकाच घरात राहून पाहिलं. कचेरीतली भाषा बदलली, शिक्के बदलले, कुठल्या कागदासाठी कुठे जायचं ते बदललं. या साऱ्या काळात रात्री-अपरात्री हाक मारायला जवळचं काय होतं, तर गल्लीचे पंच. मंडळ ही आपल्याकडे गणपतीपुरती गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सीमाभागातल्या कुठल्याही जुन्या गल्लीत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

लोकमान्यांनी 1893 पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला आणि ती लाट बेळगावातही लवकर आली. झेंडा चौकातल्या गणपतीला शंभराहून जास्त वर्षं झाली आहेत. वैशाखातली आपली शिवजयंती आणि रात्रभर चालणारी चित्ररथ मिरवणूक तर बाहेरगावचे लोक मुद्दाम पाहायला येतात. मला हे सारं प्रिय आहे. चित्ररथावर आमच्या गल्लीच्या मुलांनी उभारलेला देखावा पाहून मी रडले आहे. पण उत्सवाचे दिवस दहा-पंधरा. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत मंडळाने केलेलं काम कुठल्या फलकावर येत नाही, आणि ते बहुधा असं असतं की करणाऱ्यालाही सांगण्यासारखं वाटत नाही.

नव्वदच्या दशकात शहरात पाण्याची फार टंचाई झाली होती. शहरातल्या कितीतरी जुन्या विहिरी तेव्हा पुन्हा उपसल्या गेल्या. 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा खोदलेल्या विहिरीची आठवण त्या दिवसांत सगळ्यांनाच आली. आमच्या गल्लीच्या टोकालाही एक विहीर आहे. वर्षानुवर्षं तिच्यात निर्माल्य आणि फुटके देवांचे फोटो टाकले जात होते. मंडळाच्या पोरांनी आठ दिवस गाळ काढला. मागावर बसणारी माणसं, त्यांना दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नव्हतं, म्हणून रात्री गॅसबत्त्या लावून काढला. आम्ही बायकांनी साखळी करून घमेली पुढे दिली. पाणी लागलं त्या पहाटे खोलीतला तो संस्थानी हंडा बाहेर काढला आणि पहिलं पाणी त्यात भरून मारुतीला घातलं. वहीत त्या दिवसाचं कारण आहे 'विहीर'. खाली सही नाही. भांडं गल्लीनेच नेलं होतं, सही कोण करणार?

2019 चा ऑगस्ट वाचकांना आठवत असेल. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं, गोकाक आणि रामदुर्गची माणसं घरं सोडून बाहेर पडली होती. आपल्या शहरात वडगाव-खासबागच्या बाजूला विणकरांच्या घरांत पाणी शिरलं. ज्यांना माग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हातमाग खड्ड्यावर असतो, विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. घरात पाणी आलं की ते आधी त्या खड्ड्यात उतरतं. घरातलं पाणी ओसरलं तरी खड्ड्यातलं उपसावं लागतं, आणि तोवर ताणा सडतो, लाकूड फुगतं. पंधरा दिवसांचं पोट गेलं म्हणून समजा.

त्या आठवड्यात भांडी सहा दिवस सलग बाहेर होती. वहीत तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, कारण दार कोण उघडत होतं याचा पत्ताच नव्हता. देवळात चूल पेटली. प्रत्येक घरातून एक मापटं तांदूळ आला. माझं माहेर येळ्ळूरचं. तिथून भावाने घरच्या भाताचं एक पोतं पाठवलं. ते चिखलातून शहापुरात आणायला त्याला अर्धा दिवस लागला. पण मला सांगायचं आहे ते अन्नाबद्दल नाही. ते कुठेही मिळालं असतं, पुष्कळ संस्थांनी दिलंही. आमच्या गल्लीतल्या एका भाड्याच्या खोलीत एक म्हातारं जोडपं राहत होतं. नवऱ्याला अर्धांग झालेलं. त्यांची शिधापत्रिका गावाकडची, मतदारयादीत नाव गावाकडचं, म्हणजे इथल्या कुठल्याच कागदावर ती दोघं नव्हती. त्यांना खाटेसकट उचलून देवळात आणलं ते मंडळाच्या चार मुलांनी, आणि तेही कुणी सांगायच्या आधी. त्या मुलांना हे कसं ठाऊक होतं? दोन महिने आधी मंगाईच्या यात्रेच्या वर्गणीला फिरताना त्यांनी ती खाट पाहिली होती. वर्गणीसाठी दारोदार फिरण्याबद्दल लोक नाकं मुरडतात, आणि जबरदस्तीची वर्गणी वाईटच. पण वर्षातून दोनदा प्रत्येक उंबऱ्यापर्यंत जाणारं दुसरं कोण आहे?

पुढे 2020 च्या मार्चपासून वहीची पानं कोरी आहेत. एवढा मोठा खंड पूर्वी कधीच पडला नव्हता. 2021 च्या मे महिन्यात पुन्हा नोंदी सुरू होतात, कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'डबे'. ज्या घरात सगळेच आजारी त्या घरी दोन वेळचं जेवण जात होतं. पातेली माझ्या दारात धुतली जायची. डबे पोचवणाऱ्यांत जो मुलगा सर्वांत पुढे होता, ज्याने दोन अनोळखी माणसांना स्मशानात खांदा दिला आणि मग घरच्यांना धोका नको म्हणून पंधरा दिवस मंडळाच्या याच खोलीत, याच भांड्यांच्या शेजारी सतरंजीवर काढले, तोच मुलगा रविवारी हा ठराव वाचत होता. म्हणून माझा घसा दाटला. मी त्याच्यावर रागावलेली नाही. त्याला या भांड्यांचा विसर पडला आहे. आणि तो पडला यात आम्हा मोठ्यांची चूक आहे, कारण वही कपाटात ठेवून आम्ही ती कुणाला कधी वाचून दाखवली नाही.

आता साऊंडबद्दल. ज्यांना नाचायचं आहे त्यांच्या आनंदावर विरजण घालायची माझी इच्छा नाही. आमच्या वेळी ढोल-लेझीम होतं, त्यांना त्यांचं काही हवं असेल. पण मिस्टरांची बायपास झाली त्याच्या पुढच्याच वर्षी एक मिरवणूक आमच्या दारात पावणेदोन तास थांबली होती. खिडकीची तावदानं थरथरत होती. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसले होते आणि त्या हाताला त्यांचे ठोके कुठले आणि बाहेरचे कुठले हे कळत नव्हतं. 2000 सालापासून देशात ध्वनीचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद ठेवायचे, सणांसाठी सरकार मोजके दिवस बारापर्यंत सूट देतं. हा नियम मंडळाने स्वतःहून पाळावा अशी माझी विनंती आहे. ज्या मंडळाने अर्धांगाच्या माणसाची खाट उचलली, त्याला खिडकीआडच्या आजाऱ्याची आठवण करून द्यावी लागू नये.

मंडळाचं कौतुक करताना मी त्याचे दोष झाकणार नाही. हिशेब फळ्यावर लिहायची पद्धत आमच्याकडे होती. देवळाच्या भिंतीवरचा तो काळा फळा अजून आहे, त्यावर आता सुविचार असतो. जमाखर्च फोनवरच्या ग्रुपमध्ये येतो आणि तो ग्रुप फक्त पुरुषांचा आहे. भाडेकरूंकडून वर्गणी घेतली जाते, पण बैठकीला त्यांना बोलावत नाहीत. आमच्या गल्लीत आज जवळजवळ निम्मी घरं भाडेकरूंची आहेत. कॉलेजची मुलं आहेत, सौंदत्ती-बैलहोंगलकडून कामासाठी आलेली कन्नड बोलणारी कुटुंबं आहेत. ती या गल्लीचीच नाहीत का?

हे विचारताना मला समोरच्या अक्कांची आठवण होते. त्या कन्नड. बारा वर्षांपूर्वी राहायला आल्या तेव्हा मराठी येत नव्हती, आता माझ्यापेक्षा भराभर बोलतात. दर गुरुवारी संध्याकाळी त्या मंडळाच्या कट्ट्यावर बसतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका आपापल्या पिशव्यांतून कागद काढतात. घरपट्टीची नोटीस, हेस्कॉमचं विजेचं बिल, पेन्शनचं पत्र, सगळं कन्नडमध्ये. अक्का वाचून सांगतात आणि अर्ज लिहून देतात. आपल्या भाषेत कागद मिळावेत ही आपली मागणी रास्त आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राचंच जुनं धोरण आहे. ती मागणी आपण सोडणार नाही. पण पेन्शन थांबलेल्या बाईला तोवर थांबता येत नाही. तिचा कागद अक्का वाचतात. अक्कांच्या मुलीच्या साखरपुड्याला खोलीतली परात आणि समई गेली, तेव्हा 'कारण' या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने कन्नडमध्ये लिहिलं. आमच्या वहीतली ती एकमेव कन्नड ओळ. मला ती वाचता येत नाही, पण काय लिहिलंय ते माहीत आहे.

काही वाचक म्हणतील, हे सगळं महापालिकेने करायचं, आपण का करावं? गटार, रस्ता, पाणी हे महापालिकेनेच करायचं, यात वाद नाही. पण 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या वर होती आणि प्रभाग आहेत 58. म्हणजे एका नगरसेवकामागे आठ हजारांवर माणसं. चोवीस तास पाण्याची योजना आधी दहाच प्रभागांत आली आणि उरलेल्या 48 प्रभागांनी त्यानंतर किती वर्षं वाट पाहिली हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकट्या बाईने फोन केला तर पाणी सोडणारा वॉलमन उचलत नाही. गल्लीच्या नावाने, चाळीस सह्यांचा अर्ज गेला की तोच माणूस दारात येतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली, तिलाही तीस वर्षं होऊन गेली. अशा समित्यांत बसून बोलायची सवय कुठून येणार? ती देवळातल्या बैठकीतूनच यायची आहे, आणि आपल्या देवळातल्या बैठकीत बायका खांबामागे बसतात.

माझी मुलगी शहराच्या कडेला नव्या वस्तीत राहते. घरं मोठी, अंगण, गाडी लावायला जागा. दोन वर्षं झाली तरी तिला शेजारच्या घरातल्या माणसांची नावं माहीत नव्हती. गेल्या पावसाळ्यात तिथला नाला तुंबला आणि पाणी चार घरांच्या पायरीला लागलं. चारही घरांनी वेगवेगळे फोन केले, वेगवेगळे पंप मागवले आणि एकमेकांच्या अंगणात पाणी ढकललं. ती मला रात्री फोनवर म्हणाली, "आई, इथं गल्लीच नाही गं." मी तिला एवढंच सांगितलं की सात घरांना चहाला बोलाव. सात हा आकडा मी मनातला काढला नाही. कर्नाटकात 1960 चा संस्था नोंदणी कायदा आहे, त्याप्रमाणे सात माणसं मिळून संस्था नोंदवू शकतात. मग नियमावली होते, वर्षाची सर्वसाधारण सभा होते, हिशेब द्यावा लागतो. पण ते पुढचं. आधी चहा.

तिने बोलावलं. पाच घरं आली. एक घर गोव्याचं, दोन कन्नड, एक खानापूरचं, एक हवाई दलातून निवृत्त झालेलं पंजाबी कुटुंब. पहिल्या दिवशी फक्त एवढं ठरलं की प्रत्येकाने आपल्या घरातल्या माणसांची नावं, रक्तगट आणि रात्री मदतीला कोण येऊ शकेल हे एका कागदावर लिहायचं. नाल्याचा अर्ज पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या सहीने गेला आणि नाला उपसला गेला. मग त्यांनी ठरवलं की नवरात्रात एक दिवस सगळ्यांनी मिळून जेवायचं, आणि मुलीने मला विचारलं, पन्नास माणसांचा भात होईल असं पातेलं कुठे मिळेल?

नियमाप्रमाणे भांडी गल्लीबाहेर द्यायची नाहीत. मी देणार आहे, आणि ते लपून देणार नाही म्हणून इथे लिहिते. नोंद करून ठेवली आहे. कारण: 'नवी वस्ती, पहिलं जेवण.' नियम मोडल्याबद्दल पंच मला जे बोलतील ते ऐकून घेईन. पण माझं म्हणणं असं आहे की नियमच बदलावा. या शहराभोवती अशा कितीतरी वस्त्या उभ्या राहिल्या आहेत जिथे माणसं आहेत आणि गल्ली नाही. केटरिंगमुळे आपल्या गल्लीत भांडी कमी लागत असतील तर ती तिकडे जाऊ द्या. भांड्याबरोबर वहीचे रकानेही जातील, मोजून देण्या-घेण्याची रीतही जाईल. आणि आपल्याच गल्लीतल्या ज्या अकरा नोंदी दोन वर्षांत झाल्या, त्या कुणाच्या होत्या तेही पाहा. त्यांतल्या सात घरांना मंगल कार्यालय परवडणारं नव्हतं. त्यांनी मला तसं सांगितलं नाही. भांडी परत आणताना कल्हईच्या डब्यात नाणी टाकली, त्या आवाजावरून मला कळलं.

खोली गळते आहे, ती दुरुस्त करायला हवी. त्यासाठी वर्गणी काढा, मी आधी देते. कल्हईवाला आता शहरात सहज सापडत नाही हेही खरं. माझ्या माहितीत एक जण आहे, तो वर्षातून एकदा यायला तयार आहे. देवळातल्या फळ्यावर यंदाचा हिशेब खडूने लिहा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसेल. कार्यकारिणीत निदान चार बायका आणि दोन भाडेकरू घ्या. आणि साऊंड घ्यायचाच असेल तर त्याच्यासाठी वेगळे पैसे उभे करा. ज्यांच्या नावाची परात आहे ती माणसं आता विचारायला येणार नाहीत.

रविवारी ठराव मंजूर झाला नाही, फेटाळलाही गेला नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी पुन्हा बैठक आहे, संध्याकाळी सात वाजता, मारुतीच्या देवळात. मी तिन्ही वह्या घेऊन येणार आहे आणि वाचणार आहे. जे गल्ली सोडून अनगोळला, टिळकवाडीला, पुण्याला गेले, ज्यांच्या आजी-आजोबांची नावं त्या भांड्यांवर आहेत, त्यांना यायचं असेल तर जरूर यावं. अक्कांनाही मी बोलावलं आहे. या खेपेला आम्ही दोघी खांबाच्या पुढे बसू.

जाता जाता आणखी एक. दुसऱ्या वहीत एका लग्नाच्या नोंदीपुढे 'परत' हा रकाना रिकामा आहे. सात भांडी नेली होती, सहा आली. एक तांब्याचा मध्यम हंडा राहिला आहे. ते कुटुंब लग्नानंतर थोड्याच दिवसांत कर्ज झाल्यामुळे रातोरात गल्ली सोडून गेलं. मामंजींनी कुणाला त्यांचा माग काढू दिला नाही आणि नोंदीवर रेघही मारली नाही. त्या घरातलं कुणी हे पत्र वाचत असेल तर त्यांनी संकोच न करता यावं. हंडा नसला तरी चालेल. ती मुलगी सुखात आहे का आणि कुठे असते, एवढं वहीत लिहायचं राहून गेलं आहे.

आपली,
भांड्यांची वही सांभाळणारी एक वाचक,
शहापूर, बेळगाव